विहिरीच्या वाटेवर तुमची पाठ

बाई, तुमचा फोटो मोठा करून घ्यायचा म्हणून तेरवीच्या आधी घरातल्या सगळ्यांचे मोबाईल चाळून झाले. लग्नांतले फोटो, बारशांतले, पोरांनी उगाच काढलेले. प्रत्येकात तुम्ही डोक्यावरचा पदर सावरत कॅमेऱ्याकडे अशा बघताय, जणू तो चपला घालून स्वयंपाकघरात शिरलाय. त्यातला त्यात बरा म्हणून एक निवडला, त्याला चौकट केली, हार घातला. येणारा जाणारा म्हणायचा, अगदी बाईच. मला मात्र तो फोटो तुमचा वाटेना. मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ जास्त ओळखीची. अंबाड्याखाली मानेवरचा तीळ, चालताना उजवीकडे किंचित कलणारा खांदा, खोचलेला पदर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्या मागूनच चालत आले, आणि पाठीचा फोटो काही कोणी काढून ठेवत नाही.

जावेसाठी किती रडायचं याचा आपल्याकडे काही रिवाज नाही. भेटायला येणारे तुमच्या मुलाला जवळ घ्यायचे, माझ्या थोरल्या दिरांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मला म्हणायचे, शोभाताई, जरा पाणी आणता का. मी पाणी दिलं, चहा केला, पुन्हा पाणी दिलं. त्या दिवसांत मला तुमचा राग आला होता. अशा वेळी माझ्या हातातला ट्रे काढून घेणारी या घरात एकच बाई होती, आणि नेमकी तीच गेलेली.

मी उंद्रीहून अमडापूरला या मळ्यातल्या घरात आले, तो दिवस आठवतो का? हळद अजून उतरली नव्हती. सासूबाईंनी माझ्या हातात घागर दिली आणि विहिरीवर जाऊन ये म्हणाल्या. घरापासून विहीर हाकेच्या अंतरावर. मी वाटेतल्या निंबाच्या झाडापर्यंत गेले आणि तिथेच खिळले. पाय उचलेना, तळहात ओले झाले. विहीर नुसती दिसली तरी मला असंच व्हायचं. माहेरी सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी मला पाठवत नसे. सासरी सांगायचं मात्र सगळेच विसरले. मागून सासूबाईंचा आवाज आला, नवी नवरी सोंगं करते म्हणून. तेवढ्यात तुम्ही आलात. काही विचारलं नाही, समजूत घातली नाही. माझ्या हातातली घागर घेतलीत आणि म्हणालात, "माह्या मांगं मांगं ये. तिकडं पाहूच नको, माह्या पाठीकडं पाह्य."

मी पाहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तेच पाहत राहिले.

भाजीपाल्याच्या घरात विहिरीची भीती असणं म्हणजे केवढी अडचण, हे बाहेरच्याला कळायचं नाही. वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबिरीच्या वाफ्यातलं पान अन् पान त्या पाण्यावर. मोटारीचा स्टार्टर विहिरीच्या अगदी काठाला. लाईट आली की हातातलं काम टाकून पळायचं. तुम्ही भाकरीचं पीठ हातावर तसंच ठेवून पळायच्या. मी चुलीपाशी बसून तुमची अर्धी भाकरी थापायचे. यांनी सुरुवातीला दोन-तीनदा मला चिडवून पाहिलं, एकदा थट्टेत दंड धरून ओढलंही. तेव्हा तुम्ही धाकट्या दिराला जे काही सुनावलंत, त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी हसलं नाही.

आणि तो हौद! आपल्याकडे बाळंतिणीने सव्वा महिन्याने विहीर पुजायची असते. काठाला हळदीकुंकवाची बोटं ओढायची, पाच खडे मांडून त्यांची पूजा करायची, वाकून विहिरीला नमस्कार करायचा, कळशीभर पाणी घरी आणायचं, पोरांना घुगऱ्या वाटायच्या. त्याशिवाय बाळंतीण पाण्याला हात लावायला मोकळी होत नाही. माझी धाकटी इथेच झाली. सव्वा महिना जसजसा जवळ येत गेला तसतसं माझं जेवण तुटलं. शेवटी त्या दिवशी सकाळी तुम्ही हळदीकुंकवाचं ताट घेऊन थेट अंगणातल्या हौदापाशी गेलात. सासूबाई म्हणाल्या, ही कुठली नवी रीत? तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "इहिरीचंच पानी हाये नं ह्यात? मंग इहीरच घरी आली समजा." सासूबाईंनी घुगऱ्यांचं पातेलं पुढे सरकवलं. पोरांना घुगऱ्या मिळाल्या, त्यामुळे त्यांचीही तक्रार नव्हती. मी हौदाला नमस्कार केला आणि तुमच्याकडे बघून मला हसू आवरेना. तुम्ही डोळे वटारलेत. पूजेत हसू नये.

तुम्हाला माझ्या भीतीचं कारण मात्र हवंच होतं. उंद्रीला येऊन तुम्ही माझ्या आईला खोदून खोदून विचारलंत. लहानपणी पडली होती का, कोणाला पडताना पाहिलं का, कोणी भेडसावलं का. आई बिचारी आठवून आठवून थकली. मग तुम्ही टेकडीवरच्या देवीचा अंगारा आणलात, कोणीतरी सांगितलं म्हणून मला लिंबू ओलांडायला लावलंत. लिंबू ओलांडताना मला भीती वाटली नाही, विहिरीची वाटत राहिली. पण तुम्ही शोध सोडला नाहीत. वांगी तोडता तोडता मधेच मान वर करून विचारायच्या, "पन कशानं वं, शोभा?" जसं काही मला माहीत आहे आणि मी सांगत नाही.

लोणारला गेलो होतो तेव्हा तर तुमचा सगळा हिशोबच चुकला. एसटीतून उतरलो, पोरं पुढे पळाली, आणि आपण काठावर उभ्या राहिलो. खाली एवढं मोठं सरोवर, भोवती झाडी. मी मस्तपैकी पुढे होऊन बघत होते. मागे वळले तर तुम्ही डोळे मिटून माझा पदर घट्ट धरलेला. तुम्हाला गरगरत होतं. "एवढ्या मोठ्या खड्ड्याचं भेव नाई तुले," खाली बसत तुम्ही म्हणालात, "अन् घरच्या इहिरीनं काय घोडं मारलं तुह्यं?" त्या दिवशी पहिल्यांदाच मी पुढे चालले आणि तुम्ही माझ्या मागे. बसस्टॅंडपर्यंत तुम्ही पदर सोडला नाहीत. घरी आल्यावर मात्र ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असा मला दम भरलात. आज सांगतेय.

मग तुमचा गुडघा गेला. पावसाळ्यात विहिरीच्या वाटेवर घसरलात आणि तो कायमचा सुजून बसला. तरी लाईट आली की तुम्ही लंगडत निघायच्या, आणि मी, चांगली धडधाकट, तुमच्या मागे नुसती निंबापर्यंत. एकदा तुम्ही वाटेत दगडावर टेकलात, मोटार चालू झाली नाही, मिरचीची रोपं दुपारभर तशीच राहिली. आरोग्य खात्याच्या गावातल्या आशाताई त्या दिवशी घरी आल्या होत्या. त्यांनीच सांगितलं की चिखलीत दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक मॅडम येतात, असल्या भीतीवर उपाय करतात, गोळ्याही देत नाहीत. गोळ्या नाहीत म्हटल्यावर तुमचा विश्वास बसेना. पण माझ्या आधी चप्पल पायात घालून तुम्हीच तयार.

मॅडम तरुण होत्या, आपल्या पोरींच्या वयाच्या. त्यांनी कारण विचारलं, पण त्यात फार अडकल्या नाहीत. म्हणाल्या, कारण सापडलं तर ठीक, नाही सापडलं तरी करायचं तेच आहे. मग कागदावर एक शिडी काढली. सगळ्यात खालच्या पायरीवर विहिरीचा फोटो बघणं. त्यावर मोटारीचा आवाज ऐकत अंगणात उभं राहणं, मग निंब, मग वाटेवरचा दगड, मग स्टार्टर, मग कठडा. सगळ्यात वरच्या पायरीवर आत वाकून पाणी बघणं, तेही एकटीने. एकेका पायरीवर जाऊन थांबायचं. रोज जायचं. मॅडम म्हणाल्या ते मला पाठ आहे: "घाबरून निघून आलात, तर मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. म्हणून थांबा. भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि मग आपली आपण उतरते. ती उतरताना तुम्ही तिथे असायला हव्यात."

आणि दर वेळी भीती शंभरात किती आहे, ते सांगायचं. हे मात्र तुम्हाला मनापासून पटलं. बाजारात भाजी विकण्यात जन्म गेलेला. घरी परतायच्या बसमध्येच तुम्ही विचारलंत, "आज भेवाचा भाव काय वं?" पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, भेवाची कुठली भाजी म्हणून. तेव्हापासून ती आपली रोजची बोली झाली. फोटो बघितला, साठ. मोटारीचा आवाज, सत्तर. चार दिवसांनी तोच आवाज, तीस. तुम्ही म्हणायच्या, माल पडून राहिला की भाव उतरतोच.

बाई, तुमची ती जाळी आठवली की मला अजून हसू येतं, आणि मग लगेच दुसरं काहीतरी येतं. मी दगडापर्यंत पोचले होते. पुढची पायरी स्टार्टर. आदल्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हे तुम्ही बघत होतात. सकाळी गेले तर विहिरीच्या तोंडावर हिरवी जाळी ताणून बांधलेली. मिरचीच्या रोपांवर घालायला आणली होती ती. चारी बाजूंनी दगड, वरून दोर. मला आनंदच झाला. मी स्टार्टरपाशी गेले, थांबले, भाव झपझप उतरला. तुम्ही शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या. आपण दोघी चिखलीला गेलो त्या अगदी बक्षीस घ्यायला निघाल्यासारख्या. मॅडम खूश झाल्या, बारीकसारीक विचारायला लागल्या, आणि तुम्हाला राहवलं नाही. "एवढी पक्की बांधली मॅडम, बैल पडला तरी फाटनार नाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्याच थोड्या. पण मग त्यांनी जे समजावलं, ते मला आज पुन्हा लिहिताना जड जातंय. त्या म्हणाल्या, यांचं मन आता म्हणेल, जाळी होती म्हणून वाचले. उद्या म्हणेल, बाई होत्या म्हणून वाचले. मनाला हे कळायला पाहिजे की जाळी नव्हती, बाईही नव्हत्या, तरी काही झालं नाही. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि तुमच्यासाठीही एक शिडी काढली. पहिल्या पायरीवर तुम्ही माझ्यापासून हातभर लांब. मग दगडावर. मग निंबाखाली. मग अंगणात. शेवटच्या पायरीवर तुम्ही घरात, आणि मी विहिरीवर. तुम्ही त्या कागदाकडे बघत विचारलंत, "दवा तिले पाहिजे का मले?" मॅडम म्हणाल्या, दोघींना.

परतीच्या बसमध्ये तुम्ही भाव विचारला नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसलात. अमडापूर दिसायला लागलं तेव्हा, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, "म्हंजे इतके वर्सं म्या तुह्यं भेवच पाळलं काय वं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कंडक्टरने बेल मारली, आपण उतरलो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं.

जाळी निघाली. मी माझी शिडी चढत होते, तुम्ही तुमची. आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा तुमची प्रगती फार वाईट होती. हातभर लांब उभं राहायचं तर तुमचा हात आपोआप आडवा व्हायचा, लहान पोर चुलीकडे जाताना होतो तसा. दगडावर बसायचं तर दर घडीला उठायच्या. निंबाखाली उभ्या राहून माझ्यापेक्षा जोरात श्वास घ्यायच्या. एकदा मी चिडून तिकडूनच विचारलं, भेव माझं आहे की तुमचं? पण हळूहळू तुम्हीही मागे सरकलात. मी स्वतः मोटार चालू करायला लागले. पहिल्या दिवशी पाणी वाफ्यात आलं तेव्हा तुम्ही त्या पाण्यात पाय ठेवून उभ्या राहिलात, कामधाम सोडून, आणि मला म्हणालात की गुडघ्याला गार वाटतंय.

शेवटच्या पायरीवर आपलं दोघींचंही अडलं. मी कठड्याला हात लावायचे, पण आत वाकायचे नाही. तुम्ही घरात जायच्या, पण घरात राहायच्या नाहीत. मी विहिरीवरून मागे वळून बघायचे तर गच्चीवर तुमचं लुगडं. त्या गुडघ्याने जिना चढून! मी घरी आल्यावर भांडायचे.

"बाई, मॅडमनं घरात बसा म्हटलं होतं नं? काऊन गच्चीवर चढल्या?"

"गच्ची घराच्या बाहेर हाये काय?" तुम्ही म्हणायच्या.

मग आपलं असं ठरून गेलं की मी कठड्यापाशी थांबायचं, भाव उतरेपर्यंत, आणि उतरला की गच्चीकडे तोंड करून ओरडून सांगायचं. पंचवीस. वीस. या आता खाली. मग तुम्ही जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागायच्या, ते मला दिसायचं नाही, पण लुगडं गच्चीवरून नाहीसं व्हायचं. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की गच्चीही चालणार नाही. तुम्ही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालायला तुम्हाला तातडीने जावं लागलं.

ते आपलं भांडण संपलंच नाही. तुम्ही म्हणायच्या, मुळी काढल्याबिगर तन जातं काय, आधी कारण शोधा. मी म्हणायचे, रोज खुरपलं तरी पीक येतंच की. तुम्ही म्हणायच्या, माणसाला एकटं सोडणं ही कसली दवा. मी म्हणायचे, सोडल्याशिवाय मी चालणार कशी. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. मॅडम बरोबर होत्या. तुम्ही मधे उभ्या राहिलात म्हणून मी इतकी वर्षं विहिरीचं पाणी पाहिलं नाही, हे खरंच आहे. पण नव्या नवरीच्या हातातली घागर त्या दिवशी कोणी घेतली नसती, तर मी या घरात टिकले नसते, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या सुनेला, वैशालीला, दिवस गेले आणि तुम्ही सगळं विसरलात. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इकडेच करायचं हे तुम्हीच ठरवलंत. सुनेच्या बाळंतपणासाठी डिंक, खारीक, आळीव तुम्ही सहाव्या महिन्यातच भरून ठेवलेत. नात झाली. तिला पहिल्यांदा हातात घेऊन तुम्ही मला म्हणालात, सव्वा महिना झाला की हिच्या आईला विहिरीवर नेईन, वाजतगाजत, तुझ्यासारखी हौदावर नाही. आणि तिरप्या नजरेने माझ्याकडे बघितलंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी वांगी तोडताना, तुम्ही सरीत खाली बसलात. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणालात. चिखलीत छातीची पट्टी काढली आणि ताबडतोब बुलढाण्याला न्यायला सांगितलं. गाडीत मागे मी आणि तुम्ही. तुमचं डोकं माझ्या मांडीवर. तुमची बोटं माझ्या मनगटावर इतकी रुतली होती की वळ उठले. तुम्हाला भीती वाटत होती. तुम्हाला, बाई. मी तुम्हाला लोणार सोडून कुठे घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी वाकून विचारलं, "बाई, भाव काय?"

तुम्ही डोळे उघडलेत. "नव्वद असंन," म्हणालात.

"थांबा. उतरते. मी हाय इथीच."

मी तुमच्या केसांवरून हात फिरवत राहिले. बाहेर शेतं मागे जात होती. बऱ्याच वेळाने तुम्ही पुटपुटलात, "उतरून राह्यला वं." तुमचा हात सैल झाला, चेहरा निवळला. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. दवाखान्यात पोचलो तोवर तुमची शुद्ध हरपली होती, आणि दुपारी डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं.

मी त्या एका वाक्याचा किती विचार केला असेल. भाव खरंच उतरला होता का? की मला भेव वाटू नये म्हणून तुम्ही पुन्हा एकदा मधे येऊन उभ्या राहिलात? मला वाटतं, मधेच आलात. तुमची ती खोड काही जाणारी नव्हती.

तेरवी झाली, सुतक फिटलं, आणि नातीचा सव्वा महिनाही भरला. गावातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे वर्षभर काही करू नये, कोणी म्हणे बाळंतिणीची पूजा अडवू नये, नुसती गाजावाजा न करता उरकून घ्या. सासूबाई कधीच गेल्या, तुम्हीही गेलात, घरात मोठी बाई आता मीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठ्या बाईने बाळंतिणीला विहिरीवर न्यायचं, पुढे राहून पूजा सांगायची, वाकून आधी स्वतः नमस्कार करायचा. तुम्ही गेल्यापासून मी विहिरीकडे फिरकलेच नव्हते. मोटार हे चालू करायचे. मला वाटत होतं, शिडी सगळी पुसली गेली असणार आणि मी पुन्हा निंबाखाली खिळलेली असणार.

वैशालीने ते ओळखलं. पोरीला मांडीवर थोपटत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, आपन हौदावरच करू. आईनं तुमची केली होती नं तशी. मले चालते."

बाई, तुमची सून आहे ती. आई म्हणत होती तुम्हाला, आणि अगदी तुमच्यासारखी माझ्या हातातली घागर घ्यायला पुढे आली. मला तिची इतकी माया आली आणि तेवढीच धडकी भरली. ही आता माझ्यापुढे चालायला लागेल. मग मी हिच्या पाठीकडे बघत उरलेला जन्म काढेन. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला सापडलं. हो, बाई, माझं भेव तुम्हीच पाळलं. आणि त्याच्यासोबत मलाही पाळलं, सांभाळलं, माणसांत बसवलं. पण या पोरीने पुन्हा ते पाळायचं काही कारण नाही.

"नाई," मी म्हणाले, "इहिरीवर जाऊ."

परवा सकाळी बाळाला यांच्या मांडीवर देऊन आम्ही दोघी निघालो. वाजंत्री नाही, बायका नाहीत. ताटात हळदीकुंकू, पाच खडे, घुगऱ्यांची वाटी. वैशाली मागे, मी पुढे. तुमच्या वाटेने पुढे चालायला मला विचित्र वाटत होतं. समोर पाठ नाही, नुसती वाट आणि तिच्या टोकाला विहीर. निंबापाशी पाय अडखळले. दगडापाशी तळहात ओले झाले. कठड्यापाशी पोचलो तशी वैशाली भरकन पुढे आली आणि माझ्या व विहिरीच्या मधे उभी राहिली. तिलाही कोणी शिकवलं नव्हतं.

"बाजूला हो माय," मी म्हणाले. "निंबाखाली जाऊन थांब. मी बोलावते."

ती गेली. मी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि वाकले. खालच्या कपारीतून पारव्यांचा थवा फडफडत तोंडावर आला. शंभर. मी हात सोडले नाहीत. पारवे निंबावर जाऊन बसले. मग मी बघितलं. आत दगडांची बांधणी, भिंतीतून फुटलेलं पिंपळाचं रोप, मोटारीचा काळा पाईप, आणि पार खाली पाणी. पाण्यात आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. एवढंच होतं. जे बघायला मी इतकी वर्षं घाबरले, ते एवढंच होतं. मी थांबले. नव्वद, ऐंशी, मग बराच वेळ ऐंशीच. पारवे एकेक करून परत कपारीत आले. काठाला हळदीकुंकवाची बोटं ओढली, खडे मांडले, नमस्कार केला. भाव आणखी उतरला तेव्हा वैशालीला हाक मारली. तिने पूजा केली, कळशी भरली.

आणि मग सवयीने मी वळून गच्चीकडे बघितलं.

गच्चीवर कोणी नव्हतं. तारेवर बाळाची दुपटी वाळत होती. मॅडमच्या दोन्ही कागदांवर शेवटची पायरी हीच होती. मी विहिरीवर एकटी, आणि तुम्ही कुठे दिसायचं नाही. दोघींच्या शिड्या एकाच सकाळी पूर्ण झाल्या. मला ती पायरी अशी नको होती, बाई. तुम्ही गच्चीवर चढायच्या, मी भांडायचे, आणि मॅडमकडे जाऊन आपण दोघी बोलणी खायचो, तेच मला हवं होतं.

वैशाली कळशी कमरेवर घेऊन वाटेला लागली होती. ती थांबली. मी तोंडाभोवती हात धरले आणि नेहमीसारखं घराकडे ओरडून सांगितलं.

"वीस, बाई. वीसवर आला. या आता खाली."